फान बाईंचं आजारपण

फान शुयिन बाईंना साधा ताप आलेला कुणी पाहिला नव्हता, पण नदीकाठच्या त्या गावात त्यांच्याइतकी आजारी शिक्षिका दुसरी नव्हती.

त्या माध्यमिक शाळेत संगीत शिकवत. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे. परीक्षा जवळ आली की त्यांच्या तासाला गणिताचे पांग सर वर्गात येत आणि फळ्याकडे तोंड करून म्हणत, "संगीताच्या बाई आज आजारी आहेत. पुस्तकं काढा." चीनच्या हुनान प्रांतातल्या बहुतेक शाळांत हे असंच चाले. मुलं गालातल्या गालात हसत. मुलांना सगळं माहीत होतं. नूडल्सवाल्या थान मावशींना मात्र नव्हतं. त्यांची मुलगी नववीत होती.

"बाई, उठलात होय परत?" मावशी रस्त्यातच त्यांचा हात धरत. "अंगावर काढू नका हो. तोंड बघा कसं सुकलंय." आणि लाल बोरं घातलेलं कोंबडीचं सूप डब्यात भरून देत. बाई मुकाट्यानं घेत. नको म्हणाल्या असत्या, तर पांग सर खोटे पडले असते.

मग वरून हुकूम आला: नववीनंतरच्या प्रवेश परीक्षेत संगीतालाही गुण. मुख्याध्यापकांनी बाईंना पहिल्यांदाच खुर्ची दिली. "फान बाई, आता तब्येत सांभाळा. जिल्ह्याचं लक्ष आहे."

बाई बऱ्या झाल्या. तास संगणकाच्या खोलीत होऊ लागले. मुलं कानाला हेडफोन लावून सुरांचा तुकडा ऐकत आणि चारांतला एक पर्याय निवडत. वाद्य कोणतं, प्रांत कोणता. तुकडा संपला की पुढचा. मुलांना पुष्कळ गाण्यांची सुरुवात येऊ लागली, शेवट एकाचाही नाही. खोलीत आवाज करायला मनाई होती.

बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. त्याआधी एका वर्गाकडून एक गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन आवाजांत म्हणून घ्यायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. संगीताच्या तासाला ते शक्य नव्हतं. म्हणून त्या पांग सरांच्या टेबलाशी गेल्या.

"सर, गुरुवारी आजारी पडा."

"मी? मला काय झालंय?"

"मला काय झालं होतं?"

सरांनी चहाच्या बाटलीचं झाकण फिरवलं. "परीक्षा तोंडावर आलीय, बाई. शिवाय मला खोटं बोलता येत नाही."

"माझ्याबद्दल इतकी वर्षं छान येत होतं की."

सरांनी झाकण परत घट्ट लावलं. पण गुरुवारी ते खरंच शिक्षकांच्या खोलीतून हलले नाहीत. आजारी माणसासारखं दार मात्र ओढून घेतलं.

बाई वर्गात गेल्या आणि फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "गणिताचे सर आज आजारी आहेत. पुस्तकं मिटा."

मॉनिटर उभा राहिला. "बाई, कुठल्या दवाखान्यात आहेत?"

"विश्रांती घेताहेत. बस खाली."

लाकडाचे तराफे नदीतून आणणाऱ्यांचं एक जुनं गाणं होतं. एका काठानं हाक द्यायची, दुसऱ्यानं उत्तर. बाईंनी बाकांमधल्या वाटेची नदी केली.

"बाई, हे किती मार्कांना आहे?" थान मावशींच्या मुलीनं विचारलं.

"शून्य."

"आणि पर्याय?"

"पर्याय नाहीत. तोंड उघड."

पहिल्यांदा उत्तर हाकेच्या आधीच आलं. दुसऱ्यांदा दोन्ही काठ एकाच काठावर गेले. मग एकदा मात्र, घंटेच्या जरा आधी, गाणं डगमगत का होईना, शेवटाला लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं एकमेकांकडे बघत राहिली, हा आवाज आपलाच का म्हणून.

दुसऱ्या दिवशी पांग सरांच्या टेबलावर डबा होता. कोंबडी, लाल बोरं. थान मावशींनी निरोप धाडला होता, सरांनी अंगावर काढू नये.

"गरम आहे तोवर प्या," फान बाई म्हणाल्या. "निवल्यावर गुण येत नाही."

सरांनी डबा उघडला. "खिडकीकडची मुलं शेवटी अर्ध्या ठेक्यानं मागे पडली," ते सुपात बघत म्हणाले.

"आजारी माणसानं एवढं ऐकू नये."

"आणखी एकदा म्हणून घेतलं, तर बसेल."

बाईंनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. पांग सरांनी एक घोट घेतला आणि थोड्या वेळानं, सवय नसलेल्या माणसासारखे, खोकले.