वरच्यांचा उंदीर

"ए खालचे, ये गं लवकर. मेलाय."

काकूंची अशी हाक जिन्यातून यायची. माझे हात पिठात असोत की बाळाच्या लंगोटात, मी उठायची. मेलेला असायचा तो उंदीर. वरच्या मजल्यावरचा, त्यांच्या स्वयंपाकघरातला. उचलायची मी.

त्या दिवशीही गेले. उंदीर तांदळाच्या डब्याशी पडला होता, पाय वर करून. काकू नाकाला पदर लावून ओट्याला चिकटून उभ्या. काका टेबलाशी बसलेले. त्यांनी कालचं वर्तमानपत्र घेतलं, चाळून चाळून त्यातलं छोट्या जाहिरातींचं पान काढलं आणि माझ्या हातात न देता जमिनीवरून सरकवलं. मी वाकले. शेपटीला धरून उंदीर त्या पानात गुंडाळला.

"शी! हातानेच?" काकू म्हणाल्या. आणि लगेच, "हो गं, तुमच्यात चालतं. तुम्हांला सवय असते."

मी हसले. खरंच हसले. शाबासकी मिळाल्यासारखी.

आज त्या पोरीला, म्हणजे तेव्हाच्या मला, आठवते तेव्हा तिच्या टाळक्यात एक टपली हाणावीशी वाटते. लग्न झालेली, कडेवर पोर असलेली घोडी. उंदीर उचलायला वर जायचं तर ही बया आधी केस विंचरायची. तोंडाला पावडर फासायची. एकदा तर साडी बदलून गेली. का? तर वरच्यांच्या स्वयंपाकघरात जायला मिळणार म्हणून. एरवी मला तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती. काही द्यायला-घ्यायला गेले तर उंबऱ्याबाहेर उभी. उंदीर मेला की मात्र दार सताड उघडं. मला वाटायचं, बघा, आपल्यावाचून यांचं अडतं.

घर अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. वर मालक, काका आणि काकू. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. खाली एक खोली आणि मोरी, तिथे आम्ही. संपानंतर नवऱ्याची गिरणी कायमची गेली. मरोळच्या एका कारखान्यात त्याला काम लागलं आणि तिथल्या सुपरवायझरच्या ओळखीने ही खोली मिळाली. त्याआधी आम्ही परळला दिराच्या खोलीत होतो. माणसावर माणूस. बाळंतीण असताना मी दोन ट्रंकांच्या मधे झोपले आहे. म्हणून ही खोली म्हणजे मला राजवाडा होता. करार अकरा महिन्यांचा. तो पुढे सरकायचा काकांच्या मर्जीने. आणि काकांची मर्जी काकूंच्या मुठीत.

सामान लावलं त्या दिवशी काकू खाली आल्या. भिंतीवर देव नव्हते, एक तसबीर होती. कोणाची ते तुम्हांला सांगायला नको. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही तसलं काही मानत नाही हो."

मी कृतकृत्य झाले. आता कोणी असं म्हटलं की माझे कान उभे राहतात. मानत नाही तर सांगता कशाला? मी काही विचारलं होतं?

पण तेव्हा नाही कळलं. गंमत अशी की संशयी मी जन्माचीच. दूधवाला मापात बोट बुडवतो, समोरची माझ्या दोरीवरचे चिमटे पळवते, नवरा पगाराच्या दिवशी सरळ घरी येत नाही. सगळ्या जगावर संशय. फक्त वरच्या मजल्यावर नाही. "मागच्या जिन्याने येत जा, जवळ पडतं," काकूंनी सांगितलं. मागचा जिना अख्ख्या घराला वळसा घालून. पुढचा माझ्या दारातून चढायचा. तरी ही शहाणी वळसा घालून जायची आणि जवळ पडतं म्हणायची.

उंदीर मात्र वाढत चालले. आमच्या खोलीतही. बाळाची दुपटी कुरतडली, साबणाची वडी नेली. काकूंनी निदान केलं.

"तुझ्या बोंबलाच्या वासाने येतात. आमच्याकडे आधी नव्हते."

आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या घरात सुकं नाही म्हणजे जेवण नाही. तरी मी सुकटीचा डबा रिकामा केला, बोंबील जावेला देऊन टाकले. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "काय गो, सुतक आहे की काय घरात?"

"करार पुढे न्यायचाय ना? मग जेवा गप."

त्याने वरण-भात कालवला. उंदरांना काही फरक पडला नाही.

तेव्हा माझा संशय कामाला लागला. हे येतात कुठून? झोपायच्या आधी मी दारात, मोरीत, खिडकीखाली तांदळाचं पीठ भुरभुरलं. सकाळी उठून बघते तर दारातलं पीठ जसंच्या तसं. मोरीत मात्र बारीक बारीक पावलं. वरच्या मोरीचा नळ जिथे आमच्याकडे उतरतो तिथून निघालेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. उंदीर वरून खाली येत होते. बरोबरच आहे. वरच्यांच्या माळ्यावर वर्षाचे गहू आणि तांदूळ. माझ्याकडे होतं काय? बोंबील होते, तेही दिले.

मी इतकी खूश झाले म्हणून सांगू! वाटलं, आता काकूंना सांगायचं, माळा आवरायला मदत करते म्हणायचं, त्या म्हणतील, अगं किती हुशार आहेस तू. आणि तेवढ्यात हाक आलीच. "ए खालचे, मेलाय." पावडर लावली, गेले, उंदीर उचलला, कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. हात धुतले. आणि लक्षात आलं की पिठाचं सांगायचं राहूनच गेलं.

परत वर गेले. मागच्याच जिन्याने. दार अर्धं उघडं.

काकूंच्या हातात तांब्या होता, त्यात तुळशीचं पान. त्या पाणी शिंपडत होत्या. मला वाटलं, उंदराच्या जागेवर. पण उंदराची जागा काकांनी कधीच फडक्याने पुसून टाकली होती, ती वाळत होती. काकू शिंपडत होत्या ते दारापासून डब्यापर्यंत. मी चालले होते तेवढ्या वाटेवर. एकेका पावलावर. मी कुठे वळले, कुठे वाकले, त्यांना बरोबर आठवत होतं. मी उंदराची पावलं शोधत होते पिठात. त्या माझी.

"उंदराचं काही नाही हो," त्या काकांना सांगत होत्या, "गणपतीचं वाहन ते. पण ही सगळीकडे पाय लावून जाते."

"मग बोलावतेस कशाला?"

"मग उचलणार कोण? तुम्ही?"

काकांनी पेपर उलटला.

मी जिना उतरले. कसा उतरले आठवत नाही. खोलीत येऊन बसले. रडले नाही. आधी विचार केला, काकू इतक्या सराईतपणे शिंपडतात म्हणजे दर वेळीच शिंपडत असणार. मग एकेक गोष्ट उचलून हुंगायला लागले. बाळाला त्यांनी कधी उचलून घेतलं नव्हतं, लांबून चुटक्या वाजवायच्या. संक्रांतीचा तिळगूळ माझ्या तळहातावर वरून पडायचा. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्या आल्या, बसल्या, आणि "आज उपास आहे गं" म्हणाल्या. बुधवारी कसला उपास, असं मला वाटलं होतं खरं. पण लगेच मी माझीच समजूत घातली होती, असेल बाई. गणपतीच्या वाहनाला कणकेच्या गोळीतून औषध घालणाऱ्या बाईच्या उपासाचं मी काय विचारणार!

नवरा घरी आला तेव्हा सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," म्हणाला.

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू पावडर लावून जायचीस. काय बोलू?"

काकूंचं ऐकलं तेव्हा कान तापले होते. हे त्याहून खोल लागलं.

"बोलू नको हां काही," तो म्हणाला. "करार संपत आलाय. खोली गेली तर पोराला घेऊन कुठे जायचं? पुन्हा ट्रंकांच्या मधे?"

त्याचं चूक नव्हतं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटलंही, जमेल. पावडर न लावता जाऊ, एवढंच. मनातून नातं तोडू आणि हाताने उचलू.

पुढची हाक आली. मी तांदूळ निवडत होते.

"ए खालचे! मेलाय!"

हात थांबले. पाय उठेनात. ठरवलं वगैरे काही नव्हतं. पाय उठलेच नाहीत. दुसरी हाक आली, तिसरी. मग काकू पुढच्या जिन्याने अर्ध्यापर्यंत खाली आल्या.

"काय गं, बहिरी झालीस?"

"नाही काकू. ऐकलं."

"मग?"

"मग काय? मेला तर मेला."

"अगं, उचलणार कोण?"

"गणपतीचं वाहन ना ते? मी शिवले तर बाटेल बिचारं."

काकूंचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. मी ऐकलंय हे त्यांना कळलं. मला वाटलं, आता तरी लाजतील. लाजल्या नाहीत. चिडल्या.

"तोंड सांभाळून बोल. आम्ही तसलं मानत नाही म्हणून ठेवलंय तुम्हांला. नाहीतर कोण देतो तुम्हांला जागा?"

"मग पाणी कोणाच्या पावलांवर शिंपडता, काकू?"

"करार संपतोय. विसरू नकोस."

"नाही विसरले."

निवडलेले तांदूळ आणि वेचलेले खडे मी बोलता बोलता परत एकत्र केले होते. असा माझा मोठा पराक्रम. पण जागेवरून उठले नाही.

उंदीर दुसऱ्या दिवसापर्यंत वरच होता. वास खालीसुद्धा आला. शेवटी काका निघाले. तोंडाला टॉवेल बांधलेला, हात लांब केलेला, सांडशीत उंदीर. पुढच्या जिन्याच्या मधोमध तो सांडशीतून निसटला. काकांनी कठडा धरला आणि तिथेच ओकले. मी खिडकीचा पडदा बाजूला सारून, पोराला मांडीवर घेऊन, नीट बसून बघितलं. इतकं मन लावून मी काहीच बघितलं नव्हतं. पण तेवढ्यात समजलंही, यांना येत नव्हतं असं नाही. यांना करायचं नव्हतं. जे स्वतः करायचं नाही, ते करायला कोणीतरी खाली ठेवायचं, भाडंही घ्यायचं त्याच्याकडून, आणि त्याची पावलं पुसायची.

करार पुढे गेला नाही. नवरा काकांच्या हातापाया पडून आला. मला न सांगता. मला ते कळलं आणि मी त्याला क्षमा केली नाही, बरीच वर्षं.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा काकू जिन्यात उभ्या होत्या.

"जाताना खोली स्वच्छ धुऊन दे हो. दुसरे भाडेकरू यायचेत."

"तुम्ही धुणारच आहात माझ्यामागे," मी म्हटलं. "दोनदा कशाला?"

आणि खोली तशीच सोडून निघाले.

पुढे आम्हांला मरोळच्या टेकडीवर पत्र्याची खोली मिळाली. तिथे उंदीर नव्हते, घुशी होत्या. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पोराच्या पाठीवर फोड उठले. नवरा त्या फोडांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही. ते फोड माझ्या नकारामुळे उठले, हे मला कबूल आहे. तरी तो नकार मी परत घेत नाही.

पत्र्याच्या खोलीत घूस मेली तेव्हा मीच उचलली, हातानेच. घाणीला मी कधी भ्याले नाही. माझ्या घरातली माझी आहे. पण दुसऱ्याच्या घरात मेलेलं मी उचलणार नाही. छप्पर दिलं तरी नाही, काढून घेतलं तरी नाही. ज्याच्या घरात मेलं, त्याने वाकावं.