सुमेधावहिनींचा जपानी चहा

गोजरबाई पाथर्डीकडची. नवरा ऊसतोडीवर असताना गाडीखाली सापडून गेला. मग ती नगरला आली आणि सावेडीत शामकांतरावांकडे स्वयंपाकाला राहिली. मी त्यांच्याच कारखान्यात नवा लागलो होतो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहत होतो.

शामकांतराव कारखान्यातर्फे जपानला गेले होते, तेव्हा त्यांनी हिरव्या चहाचा एक डबा आणला. त्यांच्या पत्नी सुमेधावहिनी गायच्या. महिन्यातून एकदा संध्याकाळी बागेत पाच-सहा माणसं सतरंजीवर बसत आणि गाण्याआधी वहिनी तो चहा देत. उकळलेलं पाणी उतरवून शंभर अंक मोजायचे, मग पानं टाकायची. दूध नाही, साखर नाही. गोजरबाईने पहिल्यांदा चाखला तेव्हा ती म्हणाली, "वैनी, ह्यो पाला शेळीला घाला, ती दूध तरी दील." वहिनी हसता हसता खालीच बसल्या.

बहात्तरच्या फेब्रुवारीत वहिनी गेल्या. वर्षाने, ऐन दुष्काळात, शामकांतरावांनी तीच माणसं पुन्हा बोलावली. डब्यात एका वेळेपुरती पानं उरली होती. ती चव एकदा हवी आहे, असं ते मला म्हणाले. गोजरबाईला त्यांनी एवढंच सांगितलं, की वहिनींचा चहा करा.

कप आले. दुधाचा, वेलदोडा घातलेला, गोड चहा. शामकांतरावांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पानं उरलीत का, त्यांनी विचारलं. समदी घातली, ती म्हणाली.

"गोजरबाई, तुम्हाला तिची पद्धत माहीत होती ना?"

"ठावं हुती की, भाऊ. पन वरीस सरलं आज, दुखवटा सुटला. आजच्या दिशी पाव्हन्यांचं त्वांड कडू कसं करू? वैनीच्या नावानं ग्वाड केलं."

वर्ष झालं की आमच्याकडे गोडच करतात. तिला चूक म्हणायला कुणाची जीभ रेटेना. सगळ्यांनी मान खाली घालून चहा संपवला. शामकांतराव उठून आत गेले. गाणं झालंच नाही.

त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून घरातला चहा ते स्वतः करू लागले. तेवढा वेळ गोजरबाई मागच्या पायरीवर उभी राहायची.

मी पुण्याला जाऊन आलो की ती विचारायची, तसला चहा तिथं कुठं दिसला का. मी नाही म्हणायचो. ती भांड्यांना लागायची.