माझ्या नंबरवरचा कंडक्टर

देऊळगाव राजात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा. फॉर्म मोबाइल नंबर मागतो. समोरच्या माणसाकडे नंबर नसतो, असलाच तर फोन घरी चार्जिंगला असतो, आणि फोन सोबत असला तर त्यात रिचार्ज नसतो. मग मी माझाच नंबर टाकून मोकळा होतो. अर्ध्या तालुक्याचे ओटीपी माझ्या खिशात वाजतात. एकदा कुणा बाईंना मुलगी झाल्याबद्दल सरकारी अभिनंदन आलं ते माझ्या फोनवर, आणि ते आधी वाचलं माझ्या बायकोने.

या सवयीपायी माझा एक माणूस गेला. मेला नाही. अमडापूरला आहे, ठणठणीत आहे. माझा फोन उचलत नाही, एवढंच.

हा माणूस एसटीतला निवृत्त कंडक्टर. तिकिटाच्या बॅगेत छोटा रेडिओ ठेवायचा, आणि त्या रेडिओमुळेच आमची ओळख झाली. दोघांचं वेड एकच: लघुलहरींवर दूरदेशीची केंद्रं पकडायची आणि आवाज कसा आला ते लिहून ठेवायचं. अशा वेड्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, बहुतेक पुण्याकडचे लोक. आधी तो फोनवरचा साधा ग्रुप होता. मग त्यांनी स्वतःची स्वतंत्र चॅटची सोय केली आणि फर्मान काढलं की प्रत्येकाने क्लायंट, म्हणजे त्या चॅटचं अ‍ॅप, बसवून घ्यावा. माझ्या दुकानात क्लायंट न सांगताच बाकावर येऊन बसतो, त्यामुळे मला वाटलं हे सोपं असणार.

अ‍ॅप उतरवलं. सर्व्हरचा पत्ता टाकला, टोपणनाव घेतलं. पासवर्ड एका वेगळ्या खिडकीत द्यायचा होता, तो मी मुख्य खोलीत, सगळ्यांसमोर लिहिला. ताबडतोब उत्तर आलं, "काका, स्वागत. आता पासवर्ड बदला." पासवर्डात बायकोचं नाव होतं. पुढे बरेच दिवस लोक मला तिच्याच नावाने हाक मारत होते.

एवढा अनुभव गाठीशी आल्यावर मी तज्ज्ञ झालो आणि चिखलीला बस बदलून अमडापूरला गेलो.

"मले बी पाह्यजे ते," कंडक्टरभाऊ म्हणाले होते. खात्याला ईमेल लागत होता. त्यांचा ईमेल, ज्याच्याकडून फोन घेतला त्या दुकानवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि त्याच्या दुकानाच्या जागी आता उसाचा रस मिळतो. आमच्याकडे दोन घरांत एक केबल चालते, एक पेपर चार जण वाचतात. मी माझंच खातं त्यांच्या फोनवर सुरू करून दिलं. म्हटलं, "भाऊ, तूर्त वाचा. लिहायचं मग पाहू."

ते त्याच संध्याकाळी लिहायला लागले. लिहायला म्हणजे बोलायला. फोन ऐकून टाइप करायचा. "आज आवाज असा येऊन राह्यला जसं कोणी टिनावर ज्वारी ओतून राह्यलं. मधीच एक बाई बोलली. भाषा समजली नाई, पण नवऱ्यासंग भांडून आलेली होती."

कट्टा खूश झाला. हे सगळं माझ्या नावाखाली. सकाळी खरा मी लिहायचो, "ध्वनी स्पष्ट. किंचित खरखर." त्याला कुणी विचारत नसे. एकाने लिहिलंही, "काका, तुम्ही सकाळी तहसील कार्यालय असता आणि संध्याकाळी माणूस होता." संध्याकाळचा तो मी नव्हे असं मी दोनदा कळवलं. लोकांना तो विनोद वाटला, हसरी तोंडं आली. तिसऱ्यांदा मी कळवलं नाही. फुकटची हसरी तोंडं कुणाला नको असतात?

कट्टा दरवर्षी एका श्रोत्याला प्रमाणपत्र देतो. यंदा ते जाहीर झालं माझ्या टोपणनावाला, "संध्याकाळच्या नोंदींसाठी". मी भाऊंना फोन करून सांगितलं तर तिकडून आरोळी आली.

"त्याच्यावर नाव माह्यं लावाचं बरं! तुह्यं नाई!"

"लावू भाऊ."

"लावू नाई. लावून घे. मी स्टँडवर साऱ्याइले सांगून बसलो."

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी डेपोत काम बंद होतं, त्यामुळे शाल-नारळ राहूनच गेला. पुढे देऊ म्हणाले, पुढे कुणी दिला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, आपल्या नावाचा असा एक कागद निघाला नाही, हे ते हसत सांगायचे, पण दर भेटीत सांगायचे. या कागदासाठी त्यांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता.

मग मी दुकानात बसून त्यांचं वेगळं खातं काढलं. नवा ईमेल, त्यांचं खरं नाव. फॉर्मने नंबर मागितला. बाकावर गर्दी होती, एकाची झेरॉक्स उलटी निघाली म्हणून तो ओरडत होता, आणि माझ्या बोटांनी सवयीने माझा नंबर टाकला. ओटीपी माझ्या खिशात वाजला. मला काही वावगं वाटलं नाही. रोज वाजतो.

पासवर्ड मी फोनवर सांगितला आणि भाऊंनी नव्या खात्यातून पहिला संदेश टाकला: "संध्याकाळचा तो मीच. कागदावर माह्यं नाव लावा." चहा होईस्तोवर खातं बंद. खाली सूचना: दोन्ही खात्यांचा मोबाइल नंबर एकच असल्याने डमी खातं काढून टाकलं आहे.

कट्ट्याचा व्यवस्थापक पुण्याचा, वयाने लहान, बोलायला अत्यंत गोड. मी त्याला सगळं सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "काका, कंडक्टर हे तुमचं पात्र मस्तच जमलंय. पण आता थांबवा."

पात्र! ज्या माणसाच्या घरी मी पिठलं-भाकर खाल्ली होती, ते पात्र.

शेवटी तो व्हिडिओ कॉलला तयार झाला. मी पुन्हा अमडापूर गाठलं. भाऊ नवा शर्ट घालून, केसांना पाणी लावून खुर्चीत बसले होते. आणि कॉल लागायच्या आधी मी, शहाण्याने, त्यांना सल्ला दिला.

"भाऊ, पुण्याचे लोक आहेत. जरा शुद्ध बोला."

"मले काय शिकवतं बे? साहेब लोकांसंग बोललो नाई का मी?"

कॉल लागला. व्यवस्थापक म्हणाला, "नमस्कार आजोबा. कालचं केंद्र कसं ऐकू आलं, तुमच्या शब्दांत सांगा ना."

भाऊ ताठ झाले. घसा साफ केला. आणि मामलेदारासमोर उभं राहिल्यासारखे म्हणाले, "ध्वनी स्पष्ट होता. किंचित खरखर होती."

व्यवस्थापक हसला. "काका, निदान पाठांतर तरी वेगळं करून घ्यायचंत. हे तर तुमचं सकाळचं वाक्य आहे." मी मध्ये बोलायला गेलो, "अहो, मीच त्यांना सांगितलं होतं..." तर तो आणखी हसला आणि म्हणाला, "तेच तर म्हणतोय." मग नमस्कार करून गेला.

भाऊंनी बंद पडद्यावर बोट टेकवलं.

"पाठ म्हणे तो?"

"भाऊ, पुन्हा लावतो. तुम्ही तुमच्यासारखं बोला."

"बिनतिकीटवाला बी मले सांगे की मी खरा हाये, तर मी त्याचं ऐकून घेत होतो." त्यांनी फोन माझ्यापुढे केला. "काढून टाक ते. अन् तुह्यं नाव बी काढ याच्यातून."

मी काढलं. निघताना चहाचं विचारलं नाही कुणी. चिखलीच्या बसमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली, त्याचंही वाईट वाटलं.

प्रमाणपत्र ईमेलने आलं, माझ्या टोपणनावाचं. कंडक्टरभाऊंचं नाव टाकून ते पुन्हा छापणं माझ्या दुकानात फार तर पाच मिनिटांचं काम. पण तशी कागदपत्रं मी गिऱ्हाइकांनाही करून देत नाही, आणि भाऊ ते एका नजरेत ओळखतील. आयुष्य त्यांनी खोटे पास पकडण्यात घालवलंय.

कट्ट्यावर विचारणा सुरू झाली. काका, संध्याकाळ बंद का? तब्येत बरी ना? परवा मला राहवलं नाही. रेडिओ लावलाच नव्हता, तरी लिहिलं, "आज आवाज असा येऊन राह्यला जसं कोणी कढई घासून राह्यलं. मधीच एक बाई रडली."

क्षणात हसऱ्या तोंडांची रांग लागली. व्यवस्थापकाने लिहिलं, "आले आमचे कंडक्टर!"

कुणालाही फरक कळला नाही. मी अमडापूरचा नंबर लावला. पूर्ण रिंग वाजली. मग मी बाकावरच्या पुढच्या माणसाला बोलावलं, आणि फॉर्मने नंबर मागितल्यावर पहिल्यांदा विचारलं, "तुमचा स्वतःचा आहे का हो?"

नव्हता.