बहिणीचं सुतक

आमची आत्या एका जागी बसलेली मी क्वचितच पाहिली. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, त्या काळची ही गोष्ट. अमरावतीहून ती अकोल्याला आमच्या मळ्यात आली, की बोचकं खाली ठेवायच्या आधी वांग्यांचे वाफे पाहून यायची. जेवतानाही दोनदा उठायची. आम्ही पोरं तिला भिंगरी आत्या म्हणायचो.

ती तरुणपणीच विधवा झाली. त्याबद्दल कोरडेपणानं बोलायची. "नवरा गेला तवा कुठं बसाचं, कसं रडाचं, सारं लोकायनंच सांगतलं." सासूचं मात्र निराळं झालं. जिच्याशी जन्मभर भांडली, ती गेल्यावर अमरावतीच्या राजापेठेतलं घर तिला खायला उठलं. "भाजीत मीठ जास्त झालं तं सांगाले कोणी नाही राह्यलं," म्हणायची आणि हसायची.

मग माझे वडील तापानं गेले. तिचा एकुलता धाकटा भाऊ. निरोप मिळताच ती गाडीनं आली, पण तोवर मोर्णा नदीकाठी सगळं उरकलं होतं. येणारी प्रत्येक बाई आईच्या गळ्यात पडे, आम्हां दोघी बहिणींना पोटाशी धरी. आत्या दारातच उभी. एक म्हातारी तिला म्हणाली, "तू परक्या घरची, तुले सुतक कमी. पाण्याचं पाहय जरा."

आत्यानं घागर उचलली. तेरा दिवस ती विहिरीवर ये-जा करत राहिली. भरलेला रांजण उपसून पुन्हा भरायची. आई एकदा चिडून म्हणाली, "सख्खा भाऊ गेला, अन् डोळ्याले पाणी नाही बाईच्या!" आत्यानं ते ऐकलं. घागर घेऊन ती पुन्हा विहिरीकडे गेली.

जाताना मी तिला पोचवायला स्टेशनवर गेले. ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती, मी मागे. मधेच थांबून म्हणाली, "त्याले चालाले म्याच शिकवलं होतं वं. कोणी इचारलंच नाही मले."

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी थोरली बहीण तेल्हाऱ्याला सासरी बाळंतपणात वारली. अंगण माणसांनी भरलं होतं. सगळे दाजींभोवती, तान्ह्या लेकराभोवती. मी आत चहाची भांडी विसळत होते. तेवढ्यात आत्या बैलबंडीतून उतरली. अंगणात कोणापाशीही न थांबता काठी टेकत थेट आत आली आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"त्यायच्यापाशी माणसं हायेत. तुयी बहीण गेली. सांग मले, लहानपणी कशी होती?"

मी म्हटलं, संत्रं ती खायची आणि साल माझ्या डोळ्यांत पिळायची. वर आई आली की आधी स्वतःच रडायला लागायची. मार मात्र मला बसायचा. सांगता सांगता मला खरंच राग आला, तिचा, इतक्या वर्षांनी. आणि त्या रागातच पहिल्यांदा रडू फुटलं.

आत्या माझ्यासमोर उभी होती, जागची न हलता.

"मंग?" ती म्हणाली.