डाव्या बाजूचं वजन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना एक खोड असते. माणूस समोर आला की ते मनातल्या मनात त्याचं वजन करतात. हा तर अर्धं आयुष्य त्याच कामात घालवलेला. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोशी तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "तुम्ही दिसता त्यापेक्षा हलक्या असाल." तिला ते कौतुक वाटलं. बिचारी.

चाळिशी उलटल्यावर त्याने कुणीतरी ठोकलेली, दोनच माणसांची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून बायकोच्या शिवणाच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पाडली. ती पडदे शिवायची. तिचं मशीन स्वयंपाकघरात ओट्याला खेटून गेलं आणि गिऱ्हाइकांच्या पडद्यांना तळणाचा वास यायला लागला. तिने हूं की चूं केलं नाही, कारण त्याने शब्द दिला होता: पहिली फेरी दोघांची. तिने ते बहिणीला फोन करकरून सांगितलं होतं.

एवढ्या एका वाक्यावर ती बाई जी राबली, ती बघून कुणाचाही जीव तुटला असता. त्याचा नाही. डॅशबोर्डच्या मागे त्याचा पंजा जात नसे, म्हणून वायरी ओढायला तिचा हात. गंज खरवडायला तिचा हात. एकदा पत्र्याने अंगठा चांगलाच कापला, तर हा म्हणतो कसा, "आधी रक्त पूस तिथलं. पत्र्याला लगेच गंज धरतो."

दोन्ही सीटना कव्हरं तिनेच शिवली. उजव्या सीटचं बरं झालं. डाव्या सीटमध्ये मात्र तिने जीव ओतला. दुहेरी टीप, कडेला बारीक गोट, आणि पाठीला जरा जास्त फोम, कारण तिची कंबर दुखायची.

मग त्याच्या डोक्यात हलकेपणाचं खूळ शिरलं. इंजिन आहे तेच राहणार होतं, तेव्हा गाडी जोरात पळवायची तर तिचं वजन उतरवायला हवं. भंगारवाल्याकडून एक काटा आला आणि गाडीतली एकेक वस्तू त्यावर चढायला लागली. पायाखालचा गालिचा गेला, दारांची अस्तरं गेली, मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक आलं. एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर काट्यावर डावी सीट, नव्या कव्हरासकट.

"अहो, मग मी कुठे बसू?"

"बघू गं. आधी गाडी तर पळू दे."

गाडी पळणार कशी? एका बाजूची सीट गेलेली, दुसऱ्या बाजूला हा एवढा आडदांड. बॅटरी डावीकडे सरकवली तरी तो आत बसला की गाडी उजवीकडे दबायची. त्याने आणखी काटे आणून चारी चाकांखाली ठेवले आणि आकडे वाचायला समोरच्या चष्मेवाल्याला बोलावलं. स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि बायकोला म्हणाला, "ये, बस जरा तिकडे."

सीट नव्हतीच. ती उघड्या पत्र्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"वा," चष्मेवाला खालून म्हणाला, "दोन्हीकडे अगदी सारखं. वहिनी बसल्या की झालं तुमचं काम."

त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते. माझ्याशिवाय गाडी सरळ चालतच नाही, असं तिने बहिणीला सांगितलं आणि पत्र्यावर टाकायला एक जाड उशीही शिवायला घेतली.

ती उशी पुरी व्हायच्या आत लाद्या आल्या. लिफ्टच्या केबिनला तोल म्हणून दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांचं वजन बांधलेलं असतं. एका मोडीत काढलेल्या लिफ्टच्या लाद्या त्याने घरी आणल्या होत्या.

"चपला काढ आणि काट्यावर चढ," तो म्हणाला. ती चढली. त्याने आकडा बघितला.

"हे कशाला?"

"तुझ्या बदल्यात."

"मी आहे ना पण."

"आज आहेस. उद्या तुला ताप येईल, परवा बहिणीकडे जाशील. माझी गाडी काय तुझ्या मर्जीवर चालायची? आणि तुझं वजन तरी एक राहतं का? लोखंडाला खायला लागत नाही आणि ते बोलत नाही. दे ती लादी इकडे."

सीट काढून वाचवलेलं वजन कितीतरी पटीने परत येत होतं. हे त्याला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. पण चूक कबूल करायची म्हणजे सीट पुन्हा बसवायची, आणि सीट आली की बायको आली. त्यापेक्षा लोखंड परवडलं. तिने एकेक लादी उचलून दिली, त्याने बोल्टने आवळली. शेवटची किंचित जड भरली तर त्याने ती ग्राइंडरने घासून तिच्याइतकी केली.

फेरीच्या दिवशी शेजारपाजारचे रस्त्यावर जमले. तिने ठेवणीतले कपडे घातले होते. का, ते तिलाच ठाऊक. तो एकटा बसला, भुर्रकन गेला आणि घामाघूम, लालबुंद, पोरासारखा खूष होऊन परत आला.

"वहिनी नाही बसल्या?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बसलीय की." त्याने लाद्यांवर थाप मारली. "हीच ती. फक्त ही गप्प असते."

सगळे खो खो हसले. तीही हसली. हसता हसता तिला त्या माणसाची अशी किळस आली की तिने नजर वळवली.

चष्मेवाला तेवढ्यात हसायचा थांबला होता. "अहो, काढा ती लोखंडं. त्यांना आणा एकदा फिरवून."

तो बोल्टांकडे बघत राहिला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मला कुठे एवढी हौस आहे."

"बघा," तो चष्मेवाल्याला म्हणाला, "तिला हौसच नाही." आणि दार ओढून घेऊन तो आणखी एक फेरी मारायला निघून गेला.