बाकावरचे आकडे

ठाण्यात बाळकुमला आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटापाशी एक बाक आहे. त्यावर आम्ही चार रिटायर्ड माणसं संध्याकाळी बसतो. मागे सोसायटीत रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि रिपोर्ट आल्यावर बाकावर दहावीचा निकाल लागल्यासारखी चौकशी सुरू झाली. साखर किती, कोलेस्टेरॉल किती. मग प्रोस्टेटचा तो पीएसए किती. माझा आठ होता. चारच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवा, असं रिपोर्टवरच छापलेलं. मी बेधडक सांगितलं, "दोन." शेजारच्या विंगमधले बँकवाले, बाकावरचा सगळ्यात मोठा आवाज, लगेच म्हणाले, "माझा दीड." असा राग आला त्यांचा. इथेही यांचाच पहिला नंबर.

डॉक्टर मी मुद्दाम कल्याणचा शोधला. ठाण्यात कुणीतरी बघणार आणि बाकावर चर्चा होणार. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, आकडा सुजेनेही वाढतो, जंतुसंसर्गानेही. सहा आठवड्यांनी परत रक्त बघू. बघितलं, तर साडेआठ. मग एमआरआय. त्यात एक डाग, धड चांगलाही नाही, धड वाईटही नाही.

"बायोप्सी केली तर नक्की कळेल," तो म्हणाला. "सुईने बारीक तुकडे काढतो. थोडं रक्त जातं, कधी ताप येतो. नाहीतर तीन महिने थांबून परत रक्त बघू. तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल. घरी बोलून ठरवा."

घरी म्हणे. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा कॅनडात. रविवारी त्याचा फोन आला, मी विषय काढणार तोच म्हणाला, "बाबा, जरा घाईत आहे. तब्येत बरी ना?" म्हटलं, एकदम फर्स्टक्लास. फोन ठेवून कुकर लावायला गेलो. एकट्याला अर्धी वाटी तांदूळ लागतो. खोटं कशाला सांगू, तिथेच ओट्याला धरून रडलो. कॅन्सरची भीती होतीच. पण जास्त लागलं ते हे, की कुणी 'कर' म्हणायला नाही आणि 'नको' म्हणायलाही नाही.

काही न ठरवताच दिलेल्या तारखेला कल्याणला गेलेलो. वेटिंग रूमच्या कोपऱ्यात बँकवाले. एमआरआयची मोठी पिशवी पायामागे सरकवलेली. मला बघितल्यावर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी जाऊन शेजारीच बसलो.

"दीड ना तुमचा?"

"अकरा." त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही आधी दोन म्हणालात. मग मी काय सांगणार?"

इतके आठवडे आम्ही रोज एकाच बाकावर बसत होतो. त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून निघालेले.

"माझा आठ," मी म्हटलं. "आता साडेआठ. बायोप्सी करू की थांबू, काही सुचत नाही."

त्यांनी पेपरची नीट घडी घातली.

"कळल्याशिवाय झोप लागणार आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग करा. मी येतो सोबत."

तेवढ्यात माझा नंबर आला. डॉक्टरने फाइल उघडली, विचारलं, "घरी बोललात?"

"बोललो," मी म्हटलं. "बाहेर बसलेत."