थोरल्या दिरासमोर तीन मीटर

आईचा खुबा मोडला त्याला तीन महिने झाले होते आणि माझी कंबर गेली त्याला अडीच. ऑपरेशननंतर तिला आमच्या केडगावच्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून वर चढवली, तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी एकच विचारणा, "काष्टीला कधी सोडतो?"

ते व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाई ठरवणार होत्या. खुर्चीतून आपलं आपण उठायचं, वॉकर धरून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. जमलं तर गावी काष्टीला, नाहीतर आणखी दोन महिने माझ्याकडं. हे दुसरं आम्हा दोघांनाही झेपणारं नव्हतं, पण बोलायचं कुणी?

म्हणून महिनाभर गॅलरीत सराव. गाऊन घातलेली आई वॉकर उचलायची, ठेवायची, पाऊल टाकायची. मी मोबाईलवर वेळ लावून मागून "दोन्ही हात, दोन्ही हात" करत फिरायचो. शेजाऱ्यांना परीक्षा माझीच वाटली असेल.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरबाई घरी आल्या, आणि मी एक शहाणपणा केला. आईला न्यायला गावाहून थोरले चुलते आले होते. तिला हुरूप यावा म्हणून मी त्यांना बरोबर वळायच्या जागी खुर्ची टाकून बसवलं.

आई आज लुगड्यात होती. उठली झकास. चार पावलं गेली आणि डोक्यावरचा पदर जरासा सरकला. समोर थोरले दीर. तिनं उजवा हात वॉकरवरून काढून पदर सारखा केला. वॉकर तिरका झाला, डॉक्टरबाईंनी तिला सावरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"आजी, हात सोडायचा नाही."

"व्हय," म्हणत आईनं पदर पुढं ओढला.

चुलते आईशी थेट बोलत नाहीत, माझ्या जन्माआधीपासून. मला म्हणाले, "तिला म्हणावं, माझ्याकडं बघू नको."

"त्यांना म्हणावं, न्हाई बघत. पर हायेत ना समोर."

खरं सांगतो, तेव्हा मला आईची दया आली नाही. आणखी दोन महिने तिच्या पलंगाशेजारी सतरंजीवर झोपायचं, एवढंच डोळ्यांपुढं आलं.

चुलते उठले. खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. मग आई गेली, वळली, आली, बसली. पदर पार खांद्यावर.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण गावाकडं असे किती जण आहेत?"

"थोरलं असं आता हे एकलेच राहिलेत," आई म्हणाली.

भिंतीकडं तोंड करून बसलेल्या चुलत्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, मी लांबूनच खाकरत येत जाईन. आधी बसायचं, मग पदर."

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, घरी जायला हरकत नाही, वॉकर सोडायचा नाही. खाकरण्याचं काही लिहिलं नाही.

गाडीत चुलते माझ्या शेजारी पुढं बसले. केडगाव मागं पडेपर्यंत दोनदा खाकरले.

"त्यांना म्हणावं," मागून आई म्हणाली, "बसलेलीच हाय मी."

निरोप मी पोचवला नाही. दमलो होतो, आणि त्यांना ऐकू आलंच होतं.